यानावर संदेश पाठवायचा, तर मेमरी कार्ड का नको?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९७७ मध्ये निघून सूर्यमालेबाहेर चाललेल्या नासाच्या व्हॉयजर यानांवर मानवजातीचा संदेश म्हणून तांब्याची तबकडी गेली तेव्हा दुसरा पर्यायच नव्हता, पण आज नखाएवढ्या मेमरी कार्डात अख्खं ग्रंथालय मावतं. मग सूर्यमालेबाहेर जाणाऱ्या नव्या यानावर मानवजातीची ओळख पाठवायची असेल तर सरळ सगळा विश्वकोश का भरू नये? तुमच्या गटाला असा एक काल्पनिक संदेश तयार करायचा आहे. जाता जाता तुम्ही हेही विचारलंय की हे कुणाला सापडणार तरी आहे का, आणि सापडलं तर आपला पत्ता असा उघड करणं शहाणपणाचं आहे का.

माझं काम यानांच्या साहित्याचं आहे. कुठला धातू, कुठला लेप, कुठला गोंद चालेल आणि कुठला नाही, हे ठरवण्यात माझा दिवस जातो. त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूला झुकलेलं असणार. भाषेचा किंवा संगीताचा जाणकार वेगळं काही सांगेल. पण माझ्या मते तुम्ही हा प्रश्न साठवणुकीचा समजताय आणि तो आहे वाचनाचा. किती मावतं हा मुद्दा फार मागाहून येतो. आपल्यापैकी कुणीही समजावून सांगायला हजर नसताना, ही वस्तू हातात घेणाऱ्याला पहिली गोष्ट कशी कळणार, इथून सुरुवात करावी लागते.

आधी सापडण्याबद्दल बोलू, कारण बाकीचं बरंचसं त्यावरून ठरतं. व्हॉयजर-१ हे यान दर सेकंदाला साधारण १७ किलोमीटर वेगाने चाललंय. सुमारे ४०,००० वर्षांनी ते ग्लीझ ४४५ नावाच्या ताऱ्याजवळून जाईल असं म्हणतात. या ‘जवळून’चा अर्थ दीड-पावणेदोन प्रकाशवर्षं, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे लाख पट. शिवाय तोवर यानाने स्वतः जेमतेम सव्वादोन प्रकाशवर्षं कापलेली असतील. उरलेली वाट तो ताराच आपल्या दिशेने येऊन कमी करतोय. म्हणजे कुठल्याही ग्रहावर हे यान अलगद जाऊन पडेल, कुणी शेतात उचलेल, ही कल्पना सोडून द्या. साधारण ८०० किलोची, थंड पडलेली, काहीही प्रसारित न करणारी वस्तू ताऱ्यांमधल्या पोकळीत हेरायची आणि गाठायची तर शोधणारा तिथे सराईतपणे वावरणारा असायला हवा. तबकडीचा मजकूर निवडणाऱ्या गटाचे प्रमुख, खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनीही हे तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं.

यातून एक गोष्ट निघते, आणि ती बहुतेक गटांच्या लक्षात येत नाही. ज्याला हे यान सापडेल तो भौतिकशास्त्रात आपल्याहून पुष्कळ पुढे असेल. त्याला आवर्तसारणी शिकवण्यात अर्थ नाही. विश्वकोशातला विज्ञानाचा सगळा भाग त्याच्या दृष्टीने शिळा आहे. त्याला स्वतःच्या बुद्धीने कधीच काढता येणार नाही अशी एकच गोष्ट आपल्याकडे आहे: इथे योगायोगाने जे घडलं ते. आपले चेहरे, हातांची ठेवण, पाच बोटं, कुठल्या सुरावटी आपल्याला गोड लागतात, मूल कसं रडतं. व्हॉयजरच्या तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे. कुठल्याही समीकरणातून कुणी भैरवीपर्यंत पोचणार नाही. ती पाठवली नाही तर कळण्याचा दुसरा मार्गच नाही.

आणि आपल्या तंत्रज्ञानाची पातळी सांगायचं काम यान स्वतःच करतं. मिश्रधातूंचं प्रमाण, स्क्रूचे आटे, मशीनच्या पात्याने ठेवलेले ओरखडे, वायरिंगची गुंफण पाहून कुणीही जाणता कारागीर आपण काय करू शकत होतो आणि काय नाही हे नेमकं सांगेल. व्हॉयजरच्या वीजनिर्मितीसाठी वापरलेलं प्लुटोनियम-२३८ दर ८७.७ वर्षांनी निम्मं होतं आणि त्याचं युरेनियम-२३४ बनतं. तेही पुढे आपल्या गतीने क्षय पावतं. त्या अवशेषांचं मोजमाप केलं तर यानाचं वय मिळतं. मला तर कायम वाटतं की संदेश कोरलेली तबकडी किंवा पट्टिका ही तळटीप आहे, मुख्य मजकूर म्हणजे यान.

आता मेमरी कार्ड. त्याची पहिली अडचण सरळ आहे. फ्लॅश मेमरीत माहिती म्हणजे इन्सुलेटरच्या आत कोंडलेला विद्युतभार. तो हळूहळू पाझरतो. उत्पादक सहसा दहाएक वर्षं टिकण्याची हमी देतात, ती अब्जावधी वर्षांच्या हिशेबात कुठेच बसत नाही. थंडीत पाझर मंदावतो हे खरं, पण सूर्यातून वाहणाऱ्या कणांच्या वाऱ्याचा, सूर्यमालेभोवतीचा बुडबुडा ओलांडल्यावर वैश्विक किरणांचा मारा वाढतो, आणि एकेक बिट उलटायला तेवढं पुरतं. याउलट धातूत कोरलेली खाच ही फक्त आकृती आहे. ती पुसायची तर धातूच झिजवावा लागतो.

दुसरी अडचण जास्त मूलभूत आहे आणि ती साहित्य कितीही सुधारलं तरी जात नाही. अख्खं ग्रंथालय नखात मावतं त्यात फायली दाबून लहान करण्याचाही वाटा असतो. दाबणं म्हणजे पुनरावृत्ती काढून टाकणं. उत्तम दाबलेली फाईल आणि निव्वळ खरखर यांत, किल्ली हाताशी नसेल तर, फरक करता येत नाही. अनोळखी माणूस कुठलीही लिपी फोडतो ती पुनरावृत्तीच्या आधारावर: हे चिन्ह पुन्हा आलं, हे नेहमी त्याच्या शेजारी येतं. तुम्ही नेमकं तेच खरवडून टाकताय. त्यात कार्ड वाचायला कंट्रोलर लागतो, त्याचे व्होल्टेज, त्याची आज्ञावली, फाईल सिस्टम, अक्षरांची सांकेतिक कोष्टकं. प्रत्येक पायरीवर आपण एकमेकांत ठरवलेला, बाहेरच्याला अदृश्य असा करार आहे.

१९७७ ची तबकडी या बाबतीत फार विचारपूर्वक केलेली आहे, म्हणून ती जरा जवळून पाहा. तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली, ३० सेंटीमीटर व्यासाची. फिरते नेहमीच्या साडेतेहतीसच्या आसपासच्या गतीच्या निम्म्या गतीने, मिनिटाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश फेरे. गती कमी केल्यावर आवाजाचा दर्जा थोडा जातो पण वेळ दुप्पट मिळतो. तिच्यावर दीड तासाचं संगीत, पंचावन्न भाषांतल्या शुभेच्छा (मराठीही आहे), पृथ्वीवरचे आवाज आणि ११५ चित्रं बसली ती अशाच तडजोडींमुळे. वाजवायची सुई आणि कार्ट्रिज सोबतच दिलंय. वरच्या अॅल्युमिनियमच्या झाकणावर ती कशी वाजवायची याच्या आकृत्या आहेत: सुई कुठे ठेवायची, एका फेऱ्याला किती वेळ. तो वेळ ३.६ सेकंद असा लिहून भागत नाही, कारण सेकंद आपला. म्हणून हायड्रोजनच्या अणूतल्या एका विशिष्ट बदलाचा काळ, नॅनोसेकंदाच्या सात दशांशाच्या आसपास, एकक म्हणून घेतला आणि त्याच्या पटीत द्विमान अंकांनी, म्हणजे फक्त ० आणि १ अशा दोन चिन्हांनी, वेळ दिला. हायड्रोजन विश्वात सगळीकडे तोच.

चित्रं तर ध्वनीसारख्या लहरीतच साठवली आहेत. एका चित्राला ५१२ उभ्या रेघा, प्रत्येक रेघेला साधारण आठ सहस्रांश सेकंद. झाकणावर त्या लहरीची सुरुवात कशी दिसेल ते कोरलंय आणि पहिलं चित्र बरोबर जुळलं तर काय दिसायला हवं तेही: एक वर्तुळ. मला या सगळ्या प्रकारात सर्वांत हुशार गोष्ट ही वाटते. लांबी-रुंदीचं प्रमाण चुकलं तर वर्तुळाचं अंडं होईल, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतःची चूक स्वतःच कळेल. रंगीत चित्रं तीन रंगांच्या तीन पट्ट्यांत एकामागून एक येतात, आणि रंग जुळवायला सूर्याच्या वर्णपटाचं चित्र दिलंय. अलीकडे हौशी प्रोग्रॅमरांनी तबकडीच्या ध्वनीवरून ही चित्रं संगणकावर पुन्हा काढून दाखवली आहेत. दाबलेल्या फाईलचं मधलं पान फाटलं तर बरेचदा पुढचं सगळं जातं. इथे ओरखडा पडला तर काही रेघा जातात, चित्र राहतं.

झाकणावर युरेनियम-२३८ चा पातळ थर आहे. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं होण्याचा काळ, ४.४७ अब्ज वर्षं. किती उरलं ते मोजलं की तबकडी कधी निघाली ते समजतं. घड्याळ म्हणून याहून साधं काही सुचवता येणार नाही.

त्याआधीची पायोनियरची पट्टिका घाईत झाली होती, तीन आठवड्यांत, आणि तिच्यातून शिकण्यासारखं जास्त आहे. १९७२ आणि १९७३ मध्ये गेलेल्या पायोनियर १० आणि ११ वर २२.९ बाय १५.२ सेंटीमीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा आहे. सेगन आणि खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी आखणी केली, चित्र लिंडा साल्झमन सेगन यांनी काढलं. कोरीव भाग आतल्या बाजूला तोंड करून अँटेनाच्या आधारदांड्यांवर बसवलाय, म्हणजे धुळीचा मार थेट लागू नये. स्त्रीच्या उंचीशेजारी द्विमानात आठ लिहिलंय. हायड्रोजनच्या त्याच बदलात निघणाऱ्या लहरीची २१ सेंटीमीटरची तरंगलांबी गुणिले आठ, १६८ सेंटीमीटर. इथवर छान.

पण माणसांच्या चित्रात पाहा काय काय अडलं. आधी दोघांनी हात धरलेले दाखवायचे होते. मग लक्षात आलं की अनोळखी डोळ्याला ते एकच जीव वाटेल, दोन देहांचा. म्हणून सोडवले. पुरुषाने हात वर केलाय. स्त्रीने केलेला नाही, नाहीतर आपला हात जन्मतः कोपरात वाकडा असतो असा समज व्हायचा. इतका विचार करूनही खाली यानाचा मार्ग दाखवायला बाण वापरलाच. बाण म्हणजे दिशा, हे धनुष्याने शिकार केलेल्यांच्या वंशजांना कळतं. ज्यांनी कधी टोकदार वस्तू फेकली नाही त्यांना ती दोन-तीन रेघांची गाठ आहे. तुमच्या आराखड्यातले बाण आजच मोजा.

आता ‘परिस्थितीवर अवलंबून’ असलेला भाग. वाचक कोण हे तुम्ही ठरवलेलं नाही, आणि त्यावाचून माझं वरचं उत्तर अर्धवट आहे. सूर्यमालेबाहेर जाणाऱ्या यानाचा वाचक अनोळखी. पण १९७६ चा लॅजिओस उपग्रह पृथ्वीभोवतीच फिरतोय आणि सुमारे ८४ लाख वर्षांनी खाली येईल असा अंदाज होता. त्याच्या पट्टिकेवर खंडांचे तीन नकाशे आहेत, सुमारे २६.८ कोटी वर्षांपूर्वीचा, उड्डाणाच्या काळचा आणि तो पडेल तेव्हाचा. वाचक इथेच राहणारा कुणीतरी, म्हणून भूगोल. न्यू होरायझन्स २००६ मध्ये निघालं, तेही सूर्यमाला सोडून चाललंय, पण त्याच्यावर असा संदेश नाही. प्लुटो शोधणाऱ्या क्लाइड टॉम्बॉ यांच्या थोड्या अस्थी, ‘प्लुटो: अजून धुंडाळलेला नाही’ अशा अर्थाचं छापलेलं टपाल तिकीट, नाणी आणि चार लाखांहून अधिक नावांची सीडी आहे. हे सगळं निघताना निरोप देणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यात गैर काही नाही. गोंधळ होतो तो इथल्या लोकांना खूश करणारा मजकूर परक्यांसाठी म्हणून पाठवला की. व्हॉयजरच्या तबकडीवर संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम यांचा आवाज आहे. त्यांनी महायुद्धातल्या आपल्या लष्करी सेवेबद्दल दडवलेली माहिती १९८० च्या दशकात बाहेर आली, तेव्हा तबकडी शनीच्याही पलीकडे गेली होती. पदाधिकाऱ्यांना वगळा, एवढाच माझा सल्ला.

यानावर जागा कशी मिळते याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून चार ओळी. प्रत्येक ग्रॅमचा हिशेब असतो, आणि ‘संदेश’ या नावाखाली कुणाच्याही यादीत ग्रॅम नसतात. पट्टिका आली की आम्ही विचारतो: कडा धारदार आहेत का, जवळून जाणाऱ्या वायरीचं आवरण कापतील का? ब्रॅकेट आणि पत्रा वेगवेगळ्या धातूंचे असतील तर थंडीत दोन्ही सारखे आकसतात का, की बोल्टवर ताण येतो? पत्रा यानाच्या सांगाड्याशी विद्युतदृष्ट्या जोडलेला आहे ना? सुटा धातू अंतराळात भार साठवतो आणि एक दिवस ठिणगी टाकतो. आणि गोंद किंवा शाई वापरली असेल तर ती निर्वातात २४ तास १२५ अंश सेल्सिअसला ठेवतात. एक टक्क्याहून जास्त वजन घटलं तर बाद, कारण उडालेली वाफ कॅमेऱ्याच्या भिंगावर जाऊन बसते. कित्येक सुंदर कल्पना इथे संपतात. त्यामुळे पट्टिकेला दुसरं काही काम देता आलं तर तिची बाजू एकदम बळकट होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये गुरूच्या युरोपा चंद्राकडे निघालेल्या युरोपा क्लिपरवर हेच केलंय. इलेक्ट्रॉनिक्सच्या कोठडीचं एक तोंड बंद करायला टँटलम या धातूचा पत्रा लागणारच होता. त्याच्या एका बाजूला १०३ भाषांतल्या ‘पाणी’ या शब्दाच्या ध्वनिलहरी कोरल्या, दुसऱ्या बाजूला एक कविता, आकाशगंगेत आपल्याशी संपर्क साधू शकतील अशा संस्कृती किती याचा अंदाज बांधणारं ड्रेक यांचं समीकरण त्यांच्याच हस्ताक्षरात, आणि २६ लाख नावांची चिप. कोरीवकामाचं वजन जवळपास शून्य.

मग मी काय करीन? धातूचे पातळ पत्रे, थरावर थर. सर्वांत वरचा नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढा ठसठशीत: माणसं, त्यांच्या आकाराचं माप, यान, आणि आतले थर कसे पाहायचे याची आकृती. पुढचा थर भिंगाखाली वाचता येईल असा, त्याच्या पुढचा सूक्ष्मदर्शकाखाली. निकेलवर इतकं बारीक कोरता येतं हे २०१९ मध्ये चंद्रावर आदळलेल्या बेरेशीट यानातल्या ग्रंथसंग्रहाने दाखवलंय. त्याचे वरचे थर पानांच्या चित्रांचे होते आणि खालचे डिजिटल. तुमचा विश्वकोश पाठवायचाच असेल तर तिथे, सर्वांत तळाला, न दाबता, आणि तो नाही वाचता आला तरी वरचं काही बिघडणार नाही अशा बेताने. बेरेशीटमध्ये कुणाला फारसं न सांगता जलअस्वलं नावाचे सूक्ष्मजीवही घातले गेले आणि त्यावरून वाद झाला. तुमच्या गटात ‘थोडं डीएनए टाकू’ म्हणणारा एकजण असतोच. त्याला हा प्रसंग सांगा.

आवाज मात्र मी खाचेतच ठेवीन, व्हॉयजरसारखा. आणि एकच गोष्ट तीन मार्गांनी सांगीन: चालणाऱ्या पावलांचं चित्र, त्या पावलांचा आवाज, दोन पावलांमधला वेळ हायड्रोजनच्या एककात. तीन्ही एकमेकांशी जुळले की वाचणाऱ्याची खात्री पटते. शंभर चित्रं अशी बांधलेली असतील तर ती लाख सुट्या चित्रांपेक्षा उपयोगी.

पत्त्याची भीती मला फारशी पटत नाही. पायोनियर आणि व्हॉयजरवर १४ पल्सारांच्या, म्हणजे स्वतःभोवती फिरत ठरावीक काळाने रेडिओ झोत टाकणाऱ्या ताऱ्यांच्या, सापेक्ष सूर्याची जागा दाखवणारा नकाशा आहे. पल्सारांचे आवर्तनकाळ हळूहळू वाढत जातात, त्यामुळे नकाशावरून निघाल्याची वेळही काढता येते. पण पल्सारचा झोत सगळ्या दिशांना दिसत नाही आणि काही दशलक्ष वर्षांत त्यातले बरेच मंदावतील, म्हणजे नकाशा फार काळ धड राहणार नाही. त्याहून मोठा मुद्दा असा की यान गाठू शकणाऱ्याला ते कुठून आलं हे मार्ग उलटा मोजून काढता येईल, आणि पृथ्वीच्या हवेतला ऑक्सिजन कोट्यवधी वर्षं दुरून दिसतोच आहे. १९७४ मध्ये पोर्तो रिकोतल्या अरेसिबो रेडिओ दुर्बिणीतून एम१३ तारकागुच्छाकडे पाठवला तसा रेडिओ संदेश ही वेगळी गोष्ट. तो प्रकाशाच्या वेगाने जातो आणि ऐकायला फक्त अँटेना लागतो. कुणाला विचारून पाठवायचा, हा वाद तिथे रास्त आहे.

आराखडा झाला की एक चाचणी नक्की करा. ड्रेक यांनी १९६१ मध्ये अमेरिकेतल्या ग्रीन बँक वेधशाळेत परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांच्या शोधाबद्दल झालेल्या बैठकीनंतर सहकाऱ्यांना ५५१ बिटांचा एक संदेश न समजावता पाठवला होता. ते सगळे याच विषयातले जाणकार, तरी तो उलगडणारे अगदी विरळा निघाले. तुम्हीही पट्टिकेची प्रत या उपक्रमाशी काही संबंध नसलेल्या तीन-चार जणांना द्या: एक लहान मूल, एखादा संगीत करणारा, एखादा यंत्रांवर हात चालवणारा. काहीही सांगू नका, प्रश्नांना उत्तरं देऊ नका, फक्त ते पहिल्यांदा काय करतात ते लिहून घ्या. पट्टिका उलटी धरली तर वर-खाली कळण्याची खूण नाही. बोट आधी कोपऱ्यातल्या नक्षीवर गेलं तर ती नक्षी काढा. आणि सुरुवात कुठून करायची हे विचारलं तर आतले थर बाजूला ठेवून आधी फक्त वरचा पत्रा पुन्हा आखा.